टेकडीवरची जागा आणि शिशाच्या गोळ्या

शिकारीच्या हंगामाचा शेवटचा दिवस होता, आणि लाइल स्टॅम्बॉच्या समोर, ओढ्यापलीकडच्या बर्फात, चांगला दांडग्या शिंगांचा हरणाचा नर उभा होता. शेजारी त्याचा सासरा व्हर्जिल ओकच्या बुंध्याला टेकून बसला होता. पेन्सिल्व्हेनियातल्या त्या टेकडीवरची शिकारीला बसायची ही जागा व्हर्जिलची, त्याच्या आधी त्याच्या बापाची. यंदा म्हाताऱ्याचं छातीचं दुखणं वाढलं, तेव्हा सासूबाई आयर्मांनी निकाल दिला: दोन जावयांपैकी जो हरीण पाडेल त्याची ती जागा, आणि म्हाताऱ्यानं त्या दिवसापासून घरी शेगडीजवळ बसायचं. थोरला जावई ड्वाइट गेल्या शनिवारी चुकला होता. लग्न झाल्यापासून लाइलनं फक्त दुसऱ्यांची हरणं ओढून खाली आणली होती. त्याला ही जागा हवी होती, लहान मुलाला खेळणं हवं असतं तशी.

त्यानं चापावर बोट नेलं आणि तिथंच थांबवलं. बंदुकीच्या दुर्बिणीवरची, नेम वरखाली करायची चकती अजून वर चढवलेलीच होती. लाइलला घरी गोळ्या ओतायचं वेड. टायरचा तोल साधायला लावतात ती जुनी शिशाची वजनं गॅरेजात वितळवायची, साच्यात ओतायची आणि उन्हाळाभर उडवायची. शिशाची गोळी रमतगमत जाते, लवकर खाली येते, म्हणून चकती वर फिरवून ठेवावी लागते. विकतच्या जोरकस काडतुसांसाठी ती पुन्हा खाली आणायची असते, आणि नेमकं तेच तो विसरला होता.

तो बोटाच्या टोकानं चकती उलटी फिरवू लागला. टक. टक. टक.

"काय वाजतंय?" व्हर्जिल कुजबुजला.

"दात, पपा. थंडी आहे."

"मग तोंड मिटा, जावईबापू."

चकती जागेवर आली. लाइलनं श्वास रोखून चाप ओढला. टेकडी हादरायला हवी होती. त्याऐवजी नुसतंच 'फट' झालं आणि नराच्या पायाजवळचा बर्फ उडाला.

"शिसं?" म्हाताऱ्यानं मान न वळवता विचारलं.

शिसंच. पहाटेच्या अंधारात, हातमोजे घालून, लाइलनं कोटाच्या खिशातून काडतुसं भरली होती, आणि उन्हाळ्यातली उरलेली त्याच खिशात होती. चकतीची चूक तशीच राहू दिली असती, तर नर पडला असता. पण बार इतका मवाळ की नर पळालाच नाही, मान वर करून बघत राहिला. बंदुकीत सगळी घरचीच भरली गेली असणार, असा हिशोब करून लाइलनं पुढचं काडतूस चढवलं आणि घाईघाईनं चकती पुन्हा वर नेली.

"परत थंडी वाजली का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

लाइलला घाम फुटला होता. त्यानं चाप ओढला, आणि या वेळी टेकडी खरोखरच हादरली. खिशात दोन्ही जातींची काडतुसं मिसळली होती. गोळी नराच्या पाठीवरून गेली, मागच्या झाडाची फांदी मोडून पडली आणि नर पांढरी शेपटी उडवत दिसेनासा झाला.

लाइलला रडूच यायचं बाकी होतं. "जागा ड्वाइटला द्या, पपा. माझी लायकी नाही," तो म्हणाला.

व्हर्जिल गुडघे धरून उठला. थर्मासमधली कॉफी त्यानं आधी जावयाला ओतून दिली. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

"ड्वाइटपण चुकलाय. म्हणजे पुढच्या वर्षी मलाच यावं लागणार," तो म्हणाला. "आयर्माला तू सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल, मला आनंद झालाय."

लाइलनं कॉफीचा कप ओठांजवळून खाली घेतला. "पण ड्वाइटचा नेम चांगला आहे. तो कसा चुकला?"

"ऐन वेळी मला खोकला आला," म्हातारा म्हणाला. "तुझ्या वेळी मला काहीच करावं लागलं नाही."