पाठदुखीतली ज्येष्ठता

पाणीपुरवठा कार्यालयात पाठ दुखायला मनाई नव्हती. ती पूर्वपरवानगीने दुखावी, एवढीच माफक अपेक्षा होती.

आवक टेबलावरच्या कारकुनाला सगळे 'आवक'च म्हणत. त्याचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. नळाला पाणी येत नसल्याचे सगळे अर्ज आधी त्याच्याकडे येत. तो शिक्का मारून ते आत पाठवी. समोरच्या टेबलावर जावककाका बसत. ते 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे' अशी उत्तरं बाहेर पाठवत. मधल्या काळात अर्जाचं काय होतं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्यांच्या मैत्रीत कधी वितुष्ट आलं नाही.

आवकने पस्तिशीही गाठली नव्हती, पण सकाळी तो अंथरुणातून उठत नसे, उचलला जाई. बायको खांद्याखाली हात घालून त्याला उभा करी. "डावा पाय खाली. आता उजवा. आता माणसात ये," म्हणे आणि खाली बसून त्याच्या पायांत मोजे चढवी. घरातल्या घरात येरझाऱ्या घातल्या की पाठ सैल पडे. ऑफिसात खुर्चीवर बसला की तिचं पुन्हा लाकूड होई.

डॉक्टरबाईंनी तपासण्या करून सांगितलं, की हा मणक्यांच्या सांध्यांना आतून सूज आणणारा संधिवात आहे. त्यांनी औषधं दिली, व्यायाम शिकवायची सोय केली आणि वर बजावलं, "इतरांची पाठ राबून दुखते, तुमची बसून. औषधाने सूज उतरेल, पण हलत राहायचं काम तुमचं. एका जागी बसून राहिलात तर मणके एकमेकांना चिकटतील. आणि एकदा चिकटले, की ते सोडवणं माझ्या हातात नाही."

"मग ऑफिसात काय करू?"

"अधूनमधून उठून फिरा."

"ऑफिसात?"

"का? तिथे जमीन नाही?"

जमीन होती, परवानगी नव्हती. टेबल सोडलेला कर्मचारी 'जागेवर नाही' असा धरला जाई. टेबलावर डोकं टेकून झोपलेला मात्र जागेवर असे.

जावककाकांचं नेमकं उलटं. त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती आणि मणके तिच्याही आधी निवृत्त झाले होते. चकत्या झिजून चपट्या झाल्या होत्या, पायांकडे जाणाऱ्या नसांची वाट अरुंद झाली होती. बसले की काका राजे. चालू लागले की मांड्या भरून येत, पाय बधिर होत आणि ते भिंतीला धरून ओणवे उभे राहत. आणि टपाल सह्यांसाठी तिन्ही मजल्यांवर फिरवणं हेच त्यांचं काम होतं.

"आपली पाकिटं बदलली बघ," काका म्हणत. "तुला बसायचं काम आणि फिरायचा आजार. मला फिरायचं काम आणि बसायचा."

"आपल्या टेबलावरून नाही गेली ती पाकिटं, काका."

"म्हणून तर पोचली!"

मग टेबलंच बदलून मागावीत, असं ठरलं. आस्थापना अधीक्षकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "जावक ही आवकपेक्षा वरची श्रेणी. तुम्ही त्यांच्या जागी गेलात तर ती बढती. ते तुमच्या जागी आले तर ती शिक्षा. दोन्हींना चौकशी लागते, आणि तुम्ही दोघांनी तर काहीच केलेलं नाही." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "सवलतीसाठी अर्ज करा. आपल्याकडे समिती आहे."

कर्मचारी पृष्ठस्वास्थ्य समितीत अध्यक्ष म्हणून लेखाधिकारी होते, शिवाय अधीक्षक आणि भांडारपाल. डॉक्टर नव्हता, कारण तो रोग्याची बाजू घेण्याची शक्यता नाकारता येत नव्हती. दुखणं खरं की खोटं हे ओळखायला समितीने स्वतःचीच कसोटी ठरवली होती: ज्याचं दुखतं तो हसत नाही, सबब सुनावणीत हसणाऱ्याची पाठ निर्दोष समजावी. चेहऱ्यांवर लक्ष ठेवण्याचं काम भांडारपालांकडे होतं. एरवी ते व्हॉल्व्ह आणि तोट्या मोजत.

"एकाने फिरण्याची मुभा मागितली आहे, दुसऱ्याने बसण्याची सोय," लेखाधिकारी म्हणाले. "समिती दोन्ही मंजूर करते."

आवकच्या डोळ्यांत पाणी आलं. भांडारपालांनी ते अनुकूल धरलं.

"म्हणजे एक पाठीची खास खुर्ची आणि एक भ्रमण बिल्ला. बिल्लाधारकाने ठरावीक वेळाने सर्व मजल्यांवरून फिरून यायचं. आता या कार्यालयात मोकळं फिरण्याचा मान केवळ अधिकाऱ्यांना. म्हणून बिल्ला ही वरिष्ठ सवलत, खुर्ची कनिष्ठ. वाटप ज्येष्ठतेनुसार. बिल्ला जावककाकांना, खुर्ची यांना."

"पण साहेब, माझी पाठ बसूनच तर—"

"पाठ म्हणजे पाठ. आज आपण पाठीपाठींत भेदभाव केला, तर उद्या गुडघे कोर्टात जातील."

जावककाकांना अचानक जोराचा खोकला आला. भांडारपालांनी मान वर केली, पण खोकल्याची तरतूद नव्हती.

खुर्ची आली. ती इतकी खोल होती, की बसणारा कानापर्यंत आत जाई आणि मागून नुसती टाळू दिसे. पहिल्याच दिवशी काका छातीवर पितळी बिल्ला लावून दुसऱ्या मजल्यावरून परतले, ते कठड्याला लोंबकळत. आवकने आजूबाजूला पाहिलं आणि स्वतःला खुर्चीतून उपसून काढलं.

"बसा, काका."

"आणि तू?"

"बिल्ला द्या इकडे."

कार्यालयात माणसाकडे कोणी बघत नसे, बिल्ल्याकडे बघत. टाळू कोणाची आहे, हे विचारण्याची तर पद्धतच नव्हती. त्यामुळे आवक तिन्ही मजल्यांवर टपाल फिरवू लागला आणि काका खुर्चीत बसून पाणी न आलेल्या अर्जांवर शिक्के मारू लागले. आवक औषधं घेई, व्यायाम करी. काका घरी गादीवर पडून गुडघे पोटाशी घेत. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना तेवढंच सांगितलं होतं, पण रोज सांगितलं होतं.

एका सकाळी बायको मोजे घ्यायला आली, तर मोजे आवकच्या पायांत होते. ती पलंगाच्या कडेवर रिकाम्या हातांनी बसली.

"मग आता सकाळी मी करू काय?" ती म्हणाली आणि उगीचच खिडकीकडे बघत राहिली.

काही महिन्यांनी समितीने आढावा घेतला. आवक कमरेतून वाकला आणि त्याची बोटं पायांच्या बोटांपर्यंत पोचली. काका भिंत न धरता दरवाज्यापर्यंत गेले, आणि परतसुद्धा आले. लेखाधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला.

"खुर्चीने तरुणाची पाठ मोकळी केली," ते म्हणाले, "आणि चालण्याने म्हाताऱ्याचे पाय. शास्त्राला जे जमलं नाही ते ज्येष्ठतेने करून दाखवलं!"

अहवाल वर गेला. वरून परिपत्रक आलं: हा उपचार सर्व कार्यालयांत लागू करावा. आखडलेल्या तरुणांना बसवावं, झिजलेल्या ज्येष्ठांना फिरवावं. आणि एवढ्या यशस्वी उपचारात हयगय नको, म्हणून खुर्चीला कमरेचा पट्टा लावण्यात आला, त्याची किल्ली अधीक्षकांकडे राहिली. खुर्ची त्यांच्या काचेच्या केबिनसमोर सरकवण्यात आली. बिल्लाधारकाने प्रत्येक मजल्यावर अंगठा उठवायचा, असंही ठरलं. अंगठा काही बदलून घेता येईना.

महिनाभरात मोजे परत बायकोच्या हातात आले. तिने ते खाली बसून चढवले. 'माणसात ये' मात्र म्हणाली नाही. त्या दिवशी आवकने ठरवलं, की खरं काय ते सांगून टाकायचं.

"पण काका, तुमची चौकशी लागेल. पेन्शन अडकेल."

काका जिन्याच्या पायरीवर बसले होते. हल्ली ते बहुतेक तिथेच सापडत. "लागू दे," ते म्हणाले. "चौकशीला बसवतात ना? मग माझं काय जातंय?"

समितीपुढे आवकने सगळं सांगितलं.

"म्हणजे खुर्चीत हे बसत होते," लेखाधिकारी म्हणाले.

"हो."

"आणि बिल्ला तुम्ही लावत होता."

"हो. म्हणूनच आम्ही दोघं बरे झालो, साहेब. उपचार उलटा आहे. आता गावोगावच्या लोकांना पट्टे बांधतायत. माझी पाठ चिकटत चाललीय. पुन्हा सुटायची नाही ती."

लेखाधिकाऱ्यांनी हातांची घडी घातली. "ज्येष्ठाची सवलत कनिष्ठाने वापरली, कनिष्ठाची ज्येष्ठाने. सगळे नियम मोडले. आणि तरीही तुम्हाला एवढा गुण आला." ते कळवळून पुढे झुकले. "अहो, विचार करा, नियमाप्रमाणे वागला असतात तर किती बरे झाला असतात!"

आधी काकांच्या नाकातून आवाज आला. त्यांनी खोकण्याचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग आवकला हसू फुटलं. आखडलेल्या बरगड्या कळवळल्या, डोळ्यांतून पाणी आलं, टेबल धरावं लागलं, तरी हसू थांबेना. भांडारपाल जागेवरून उठले. एवढ्या महिन्यांत त्यांना पहिल्यांदाच काम मिळालं होतं.

"दोघंही," ते म्हणाले.

पाठी निर्दोष ठरल्या, प्रकरण 'पूर्ण बरे' म्हणून बंद झालं. बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा अर्ज करता येत नाही. खुर्ची उपचाराचा नमुना म्हणून काचेच्या कपाटात ठेवण्यात आली आणि वर दोघांचे फोटो लागले. आवक आपल्या जुन्या लाकडी खुर्चीवर बसतो, उठायची परवानगी नाही. फोटो त्याच्या डाव्या हाताला आहे. पण त्याची मान आता वळत नाही. बघायचा झाला तर सगळा माणूसच वळवावा लागतो, आणि तसं वळणं हे 'जागेवर नसणे' यात मोडतं. काका जिन्यात भेटतात.

परिपत्रकाला अलीकडेच एक कलम जोडण्यात आलं आहे. ही हकिगत ऐकताना किंवा वाचताना जो कोणी हसेल, त्याची पाठ कायमची निर्दोष समजण्यात येईल. पुढेमागे दुखल्यास कोणतीही दाद लागणार नाही.

आपण गुडघ्यांच्या वाक्याला हसलात. भांडारपालांनी तशी नोंद घेतली आहे.