शिट्टी वाजली की गुण

"वाफ म्हणजे काय असते, ते या पुठ्ठेवाल्यांना मी दाखवतो!" असं म्हणून फिटरकाकांनी कप असा काही आदळला, की बशीचे दोन तुकडे झाले.

"दाखवा, पण माझ्या स्वयंपाकघरात नको," काकू म्हणाल्या.

काकांचा राग उगाच नव्हता. चाळीस वर्षं त्यांनी एका मोठ्या धुलाई कारखान्यात बॉयलर सांभाळला होता. निवृत्त झाल्यावर सुनेनं त्यांना आपल्या तबकडीच्या संघात ओढलं. खेळ साधा. प्लास्टिकची तबकडी दुरून फेकायची आणि खांबावरच्या, साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत पाडायची. पण या मंडळींना साधेपणा सोसवेल तर ना! त्यांनी अख्खी स्पर्धा वाफेच्या काळातली अद्भुत दुनिया करून टाकली होती. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. ते उंच टोपी आणि वैमानिकाचा चष्मा घालून पंचगिरी करत. कोपऱ्यावरचा न्हावी पाठीला पत्र्याचे पंख बांधून 'लोखंडी गरुड' संघाचा कप्तान झाला होता. सुनेचा संघ 'उडत्या किटल्या'. जिकडे बघावं तिकडे दातेरी चाकं, धुराडी, नळ्या, आणि सगळं पुठ्ठ्याचं, वर सोनेरी रंग!

पण काकांचं खरं दुखणं वेगळंच होतं. आठ रविवार झाले, त्यांची एकही तबकडी टोपलीत पडली नव्हती. एक झाडाला लागली, एक बाकाला लागली, एक तर डॉक्टरांची टोपी सोबत घेऊन तळ्यात गेली. आणि हंगामात ज्याचा एकही गुण नाही, त्याचं नाव पुढच्या यादीतून कट, असा नियम होता.

"बाबा, शेवटचा रविवार राहिलाय," सून हळूच म्हणाली. "एक गुण. फक्त एक."

"एक काय घेऊन बसलीस!" काका गरजले.  कारखाना सुटल्यापासून आठवड्यात हा एकच दिवस असा होता, की कुणीतरी हाक मारून म्हणायचं, "चला काका, तुमची पाळी!" तो दिवस ते सहजासहजी सोडणार नव्हते.

शेवटच्या दिवशी प्रत्येक संघानं आपली एक टोपली सजवायची होती. काकांनी माळ्यावरून तांब्याचा जुना बंब काढला आणि त्यावर कारखान्याची खरीखुरी शिट्टी बसवली. निरोपाला हार नको, शिट्टी द्या म्हणून ती त्यांनी मागून घेतली होती. टोपलीच्या तळाला एक दांडी जोडली, टोकाला चकचकीत पितळी गोळा. तबकडी पडली की दांडी दबणार, झडप उघडणार, शिट्टी वाजणार!

चाचणीच्या वेळी तबकड्या सुनेच्या पिशवीत आणि सून कामावर. काकांनी काकूंच्या बिडाच्या कढईवरचं झाकण टोपलीत टाकलं.

शिट्टी अशी किंचाळली, की समोरच्या घरातल्या, पूर्वी त्याच कारखान्यात इस्त्री करणाऱ्या मावशी डबा घेऊन धावत बाहेर आल्या. "पाळी सुरू झाली का हो?"

"मावशी, कारखाना बंद होऊन सहा वर्षं झाली!"

"अगंबाई," मावशी म्हणाल्या, आणि डबा तिथंच पायरीवर बसून खाल्ला.

मैदानावर मांडणी झाली तेव्हा डॉक्टरांनी शंका काढली. "काका, तुमची टोपली उंचवट्यापलीकडे. फेकणाऱ्याला दिसत नाही, मला दिसत नाही. गुण द्यायचा कसा?"

"बघायचंय कशाला? शिट्टी वाजली की गुण! नाही वाजली, नाही गुण! लिहून घ्या!"

डॉक्टरांनी लिहून घेतलं. काकांनी खाली सहीसुद्धा ठोकली. शिवाय तापल्या बंबाजवळ कुणी फिरकायचं नाही, असा दमही सगळ्यांना भरला.

रविवारी खेळ सुरू झाला. न्हाव्यानं फेकली. शिट्टी! डॉक्टरांनी गुण मांडला. न्हाव्याच्या मेहुण्यानं फेकली. शिट्टी! सुनेनं नेम धरून सुरेख फेकली. काहीच नाही. मग न्हाव्याच्या भावानं फेकली, ती तर सरळ डावीकडच्या झुडपात जाताना सगळ्यांनी पाहिली. शिट्टी!

"वाऱ्यानं वळली असेल," न्हावी पंख सावरत म्हणाला.

"चला काका, तुमची पाळी!"

काकांनी डोळे मिटून तबकडी भिरकावली. शांतता. ते धावत उंचवटा चढले. पलीकडे त्यांची हिरवी तबकडी टोपलीत, अगदी मधोमध!

"पडली! आत पडली हो!"

"शिट्टी नाही वाजली, काका," डॉक्टरांनी कागद पुढे केला. "ही तुमचीच सही ना?"

आता दुसरा कुणी असता तर मटकन खाली बसला असता. काका म्हणाले, "वाजली नाही, कारण बंब थंड झालाय. तबकडी आत आहे. वाफ धरली की वाजेल. किती वेळात वाजली पाहिजे, ते लिहिलंय कुठं?"

डॉक्टरांनी कागद उलटा केला, सुलटा केला. लिहिलेलं नव्हतं.

मग चाळीस मिनिटं दोन्ही संघ उंचवट्याअलीकडे ताटकळत बसले. घामानं सोनेरी रंग गालांवर ओघळला, पुठ्ठ्याची चाकं मऊ पडली. पलीकडे काका एकटेच जाळ घालत होते, पाणी ओतत होते. वाफेच्या दाबाचा काटा चढला. पुरता चढला. शिट्टी गप्प!

तेव्हा काकांना कढईचं झाकण आठवलं. ते होतं दोन किलोचं. तबकडी प्लास्टिकची. वजन पाव किलोसुद्धा नाही! म्हणजे सकाळपासून एकाही तबकडीनं दांडी दाबलीच नव्हती. मग त्या शिट्ट्या कसल्या?

"काका, झालं का?" पलीकडून डॉक्टर ओरडले.

इतक्यात झाडावरून एक कावळा उतरला. काकांकडे तिरक्या मानेनं पाहिलं, चकचकीत पितळी गोळ्यावर बसला आणि त्यानं चोच मारली. दांडी खाली गेली.

शिट्टी!

कावळा उडाला. पलीकडे टाळ्या कडाडल्या. सून धावत आली आणि सासऱ्याच्या गळ्यातच पडली. "बाबा, राहिलात यादीत!" न्हावी मात्र काकांकडे बघत होता आणि काका न्हाव्याकडे. न्हाव्यानं झुडपातली तबकडी गुपचूप पंखाखाली सारली. काकांनी घसा खाकरला. दोघांनीही विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू खिडकीशी थबकल्या. काका कठड्यावर पोळीचे तुकडे मांडत होते.

"हे काय नवीन? कावळ्यांची कधीपासून आवड?"

"आवड कसली," काका मान खाली घालून म्हणाले. "आमच्या संघातला आहे तो."