नारायणरावांचा न हलणारा तारा

धाडच्या एका हायस्कुलात नारायणराव अठ्ठावीस वर्षं क्लार्क होते. या अठ्ठावीस वर्षांत दुसऱ्यांच्या सत्कारासाठी त्यांनी इतक्या शाली आणि इतके नारळ आणले होते, की ते बाजारात शिरले की कापडवाला न विचारता शालींचा गठ्ठा खाली काढायचा. बदलून गेलेले मास्तर, निवडून आलेले सरपंच, निवडून न आलेले सरपंच, एकदा तर चुकून भलत्याच शाळेत आलेले एक पाहुणे, सगळ्यांना नारायणरावांनी आणलेली शाल मिळाली होती. त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर मात्र अजून एकही पडली नव्हती. क्लार्कचा सत्कार निवृत्तीला होतो, आणि ती शालही आपल्यालाच आणावी लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अशा माणसानं एके दिवशी देवयानीचा फोटो काढायचं ठरवलं.

ही देवयानी कोण, असं त्यांच्या पत्नीनं, म्हणजे सत्यभामाबाईंनी, साहजिकच विचारलं. नारायणरावांनी सांगितलं की आपल्या आकाशगंगेची शेजारीण. (हा शब्द चुकला, हे त्यांना त्या दिवशी जेवणात मीठ नव्हतं तेव्हा कळलं.) मग त्यांनी नीट खुलासा केला. ते एक तारकाविश्व आहे, पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब. अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपका दिसतो, पण दुर्बिणीला कॅमेरा लावला तर त्याचं खरं रूप येतं. मुख्याध्यापिका मंजुश्रीबाईंनी तर शाळेच्या हॉलमध्ये त्या फोटोसाठी जागाही राखून ठेवली.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी दुर्बीण आली आणि तिच्यासोबत कुंकवाच्या करंड्याएवढा कॅमेराही आला. त्याला झाकण होतं आणि झाकणाखाली काच. दुर्बीण चांगली वीतभर रुंद आणि पुरुषभर लांब. शेजारी राहणारे शाळेचे शिपाई पुंजाजी ती पाहून म्हणाले, "बोअरचा पाइप काऊन आणला, सायेब?"

दुर्बीण गच्चीवर बसली आणि एकदा बसल्यावर तिला धक्का लावायचा नाही, असा नियम झाला. गच्ची म्हणजे सत्यभामाबाईंचं राज्य. दिवाळीच्या चिवड्याचे पोहे तिथेच उन्हात पडायचे, मिरच्या तिथेच वाळायच्या. त्यांनी सगळी गच्ची पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि निकाल दिला.

"वसुबारसेलोक गच्ची तुमची. तवरिक फोटो निंघाला नाही तं हे नळकांडं माळ्यावर. मंग मले काई सांगू नका."

नारायणरावांनी मान हलवली. घरातले सगळे करार ते मान हलवूनच करत.

कोजागिरीचा चंद्र ओसरला, संध्याकाळी अंधार पडायला लागला आणि कामाला सुरुवात झाली. नारायणरावांचा समज असा होता की बटण दाबलं की फोटो येतो. तसा तो आला, पण त्यात काळोखाशिवाय काही नव्हतं. मग त्यांनी मोबाइलवर बरंच वाचलं, तेव्हा कळलं की आकाशातला उजेड इतका थोडा असतो की एका फोटोत दिसेल एवढाही येत नाही. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे शंभर फोटो काढायचे आणि लॅपटॉपमध्ये ते एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे चित्र उमटतं. हे त्यांनी सत्यभामाबाईंना सांगितलं. "म्हंजे बासुंदी," त्या म्हणाल्या. नारायणरावांना वाटलं, इतक्या सोप्या शब्दांत हे मोबाइलनंही सांगितलं नव्हतं.

अडचणी आल्याच. पुंजाजींनी नेमका त्याच आठवड्यात आकाशकंदील लावला, आणि तो असा झगमगीत की देवयानीला लाजून तोंड फिरवावं लागलं असतं. तो रोज तासभर बंद ठेवायच्या बदल्यात नारायणरावांनी पुंजाजींच्या नातवाचा निबंध लिहून दिला. (विषय 'प्रकाशाचे महत्त्व'.) पुढे वाचनात आलं की कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष काढायला दुर्बिणीचं झाकण लावूनही काही फोटो घ्यावे लागतात. तेव्हा ते झाकण लावून बसले आणि चहा घेऊन वर आलेल्या सत्यभामाबाई दारातच थांबल्या.

"अहो, झाकन लागेल हाय."

"माहीत हाय."

"मंग कायचा फोटो काढून राह्यले?"

"अंधाराचा."

सत्यभामाबाई चहा ठेवून खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या चार बायका नारायणरावांकडे मायेनं पाहू लागल्या, आणि एकीनं तर ब्राह्मी तेलाची बाटली पाठवून दिली.

पण आठव्या रात्री चमत्कार झाला. लॅपटॉपवर फोटो पुढेमागे करून पाहताना नारायणरावांना देवयानीच्या डाव्या अंगाला एक काळपट तांबूस गोल दिसला. आकाशाच्या एकाही नकाशात तो नव्हता. आणि गंमत अशी, की ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणारी मोटार जरा आळशी असल्यामुळे शंभर फोटोंत सगळे तारे थोडे थोडे सरकत होते, देवयानीही सरकत होती, पण हा गोल जागचा हलत नव्हता. शंभरही फोटोंत तो होता तिथेच होता.

दुसऱ्या कुणाला इथे शंका आली असती. नारायणरावांना भरून आलं. अख्खं आभाळ फिरतंय आणि हा एकटा ठाम उभा आहे, हे पाहून त्यांना एकाच व्यक्तीची आठवण झाली, जी लग्नापासून आपल्या म्हणण्यावरून तसूभर हलली नव्हती. रात्रीच त्यांनी शाळेच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'नवीन ताऱ्याचा शोध. नाव: सत्यभामा.'

"काया गोल दिसला तं माह्यं नाव देल्लं," सत्यभामाबाई म्हणाल्या. पण मोबाइल मात्र त्यांनी दिवसभर आपल्याजवळ ठेवला आणि भाजीवालीलाही दाखवला.

मग मात्र गोष्ट नारायणरावांच्या हातात राहिली नाही. मंजुश्रीबाईंनी दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी, वसुबारसेला सकाळी, सत्कार जाहीर केला. बॅनर छापून आला. आणि शाल आणायला पुंजाजींना पाठवलं गेलं. नारायणराव खिडकीतून त्यांना बाजाराकडे जाताना पाहत होते, आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना ऑफिसात काही सुचेना.

सत्काराच्या आदल्या दिवशी फोटो मोठा करून घ्यायला ते सागरकडे गेले. सागर लग्नाचे फोटो काढायचा. नवरीच्या गालावरचे मुरूम घालवण्यात त्याचा हात धरणारा धाड ते बुलढाणा कुणी नव्हता. त्यानं फोटो पाहिला, गोलावर बोट ठेवलं आणि जरा चाचरत बोलला.

"काका, दुर्बिणीच्या तोंडाले पांढरं फडकं बांधा आन् दिवसाउजेडी एक फोटो काढा. डाग तरी बी दिसला, तं तो आभाळातला नाही."

नारायणराव घरी आले. लक्ष्मीपूजनासाठी आणलेलं कोरं धोतर त्यांनी दुर्बिणीच्या तोंडाला ताणून बांधलं आणि फोटो काढला. तारे नाहीत, देवयानी नाही, नुसता पांढरा उजेड. आणि डाव्या अंगाला तो गोल, होता तिथेच.

पहिलं अर्धं मिनिट नारायणरावांना वाटलं की तारा इतका प्रखर आहे की धोतरातूनही दिसतोय. मग ते गच्चीच्या कठड्यावर बसले.

थोड्या वेळानं सत्यभामाबाई वर आल्या. नवऱ्याचा चेहरा, दुर्बिणीवरचं धोतर आणि लॅपटॉपवरचा गोल त्यांनी एकामागून एक पाहिलं, आणि त्यांचा हात हळूच कपाळाकडे गेला.

"दसऱ्याले मी त्या कॅमेऱ्याच्या डबीची पूजा केल्ती," त्या म्हणाल्या. "हयदकुकू वाह्यलं. झाकन काढून."

"झाकन काऊन काढलं?"

"शिलाई मशीनचं नाही काढत का आपन? वरून वाह्यलं तं ते झाकनाले पोचते, मशीनीले थोडंच पोचते. मंग काच पदरानं पुसली बी होती मी. एखांदा कन राह्यला असंल."

नारायणरावांनी कॅमेरा सोडवून उजेडात धरला. काचेच्या कडेला कुंकवाचा एक कण चिकटला होता. त्यांना राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण तीन आठवडे ज्या नळकांड्याला ही बाई नावं ठेवत होती, त्याच्याच डबीची तिनं दसऱ्याला पूजा केली होती, तीही वरवर नाही, झाकण काढून. हे त्यांच्या मनात आलं आणि राग कुठल्या कुठे गेला. काळजी मात्र गेली नाही, कारण शाल आणून झाली होती.

सागरकडचा लेन्स साफ करायचा रबरी फुगा आणून त्यांनी तो कण उडवला आणि त्याच संध्याकाळी पुन्हा शंभर फोटो काढले. ते एकावर एक रचल्यावर देवयानी अशी आली की सत्यभामाबाईही चष्मा लावून कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मधोमध उजळ गाभा, भोवती तिरपी पसरलेली मंद झळाळी. फक्त शोध तेवढा नव्हता.

रात्री नारायणरावांनी विचारलं, आजारी पडलो तर चालेल का. सत्यभामाबाईंनी नाही म्हटलं.

वसुबारसेला सकाळी हॉलमध्ये सगळी शाळा जमली, पहिल्या रांगेत सत्यभामाबाईही होत्या. नारायणरावांनी उठून दोन्ही फोटो दाखवले आणि खरं ते सांगितलं. तारा आकाशात नाही, काचेवर होता, आणि तो कुंकवाचा आहे. शाल मंजुश्रीबाईंच्या हातात घडीची घडी राहिली. ती परत देता येत नव्हती, कारण विकलेली शाल परत घ्यायची नाही, हा धाडच्या कापडवाल्याचा नियम नारायणरावांनीच वेळोवेळी पाहुण्यांना समजावला होता. शेवटी मंजुश्रीबाई उठल्या आणि म्हणाल्या की आपला क्लार्क भर सभेत आपली चूक सांगतो, याचा शाळेला अभिमान आहे. नारायणरावांनी खांदे सरळ केले. मग बाई पुढे म्हणाल्या की तारा मात्र ज्यांच्या हातचा आहे, त्यांनी कृपया पुढे यावं. शाल सत्यभामाबाईंच्या खांद्यावर पडली. टाळ्या इतक्या वाजल्या की नारायणरावांनीही वाजवल्या, आणि खऱ्या मनानं वाजवल्या.

"घ्या," घरी येताना सत्यभामाबाई म्हणाल्या आणि नारळ त्यांच्या हातात दिला. गच्चीचाही निकाल लागला. फोटो मुदतीत निघाला होता, म्हणून दुर्बीण गच्चीवरच राहिली, फक्त पोह्यांच्या बाजूनं जरा सरकून.

हॉलमध्ये नारायणरावांना स्वच्छ फोटो लावायचा होता. पण मुलांनी आग्रह धरला आणि लागला तो कुंकवाचाच. दिवाळीनंतर पालकसभा झाली. एक बाई फोटोपुढे थांबल्या. पुंजाजींनी काठीनं गोल दाखवून सत्यभामाताईंच्या कुंकवाची सगळी कथा सांगितली. बाईंनी ती मन लावून ऐकली, मग फोटोच्या मधोमध बोट ठेवून विचारलं की इथं हे पांढरं पांढरं काय आहे.

मागे नारायणराव उभे होते. पंचवीस लाख प्रकाशवर्षांचा खुलासा त्यांच्या ओठांवर आला होता.

"ते होय," पुंजाजी म्हणाले, "ते पुसाचं राह्यलं."