पाँडिचेरीच्या अलीकडचं वळण

कर्णिककाका माणसांना अरे-तुरे करत, पण आपल्या जुन्या विलायती मोटारीला 'बाईसाहेब' म्हणत. सकाळी बॉनेटवर हात ठेवून विचारत, "झोप लागली का?"

चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या संरक्षण कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेला हा नागपूरचा माणूस आमचा शेजारी. बायको वारलेली. मुलीचा विषय निघाला की म्हणत, "पुढचं बोल."

चेन्नईबाहेर सिरुसेरीत आयटीच्या इमारती नुकत्याच उठत होत्या, त्या दिवसांत जुन्या मोटारींची चेन्नई ते पाँडिचेरी शर्यत जाहीर झाली. काकांनी नाव दिलं आणि नकाशा-घड्याळ घेऊन मला शेजारी बसवलं.

समुद्राकाठच्या रस्त्याने आम्ही निघालो. पन्नासच्या वर काटा गेला की काका म्हणत, "बाईसाहेबांना घाम येतो." पण वाटेत बाकीच्या गाड्या तापून थांबत गेल्या आणि मरक्काणमच्या मिठागरांपाशी आम्ही चक्क पहिले होतो.

शर्यतीचा शेवट दोन किलोमीटरवर असताना काकांनी गाडी एका गल्लीत वळवली.

"काका, सरळ जायचंय!"

"पुढचं बोल."

एका निळ्या फाटकासमोर ते थांबले, खाली उतरले, बॉनेट उघडून त्यांनी प्लगची वायर काढली आणि खिशात घातली.

"आत जा. सांग, गाडी बंद पडलीये, पाना हवाय."

"कुणाला सांगू?"

"मुलीला माझ्या." ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "जावई तमिळ, म्हणून लग्नाला गेलो नाही. नऊ वर्षं झाली. बसने आलो असतो, तर काय सांगून दार वाजवलं असतं?"

मी निरोप सांगितला. ती पान्यांची पेटी घेऊन बाहेर आली. तिकडे हमरस्त्यावरून मागच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे चालल्या होत्या. काकांनी मान वर केली नाही.

ती इंजिनावर वाकली. क्षणभरच. मग त्यांच्याकडे न बघता तिने हात पुढे केला.

"वायर द्या, बाबा."

काकांनी खिशातून काढून ती तिच्या तळहातावर ठेवली. तिने बसवली. काका गाडीत जाऊन बसले, किल्ली फिरवली. इंजिन एका फटक्यात सुरू झालं.

"निघतो मग," ते म्हणाले, पण गिअर टाकेनात.

तिने खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"हात धुवा. पानं वाढते."