न तोडायचा शब्द

घराच्या पाटीवर नाव कुठल्या भाषेत असावं, यावर घरात रीतसर मतदान झालं आणि ठकीची भाषा जिंकली. ही भाषा तिने स्वतःच तयार केली होती आणि जगात ती एकटीच बोलत होती, पण मतदानात ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

जर्मनची धाकटी बहीण शोभेल अशी ती भाषा. नवा शब्द हवा असला की जुने शब्द एकापुढे एक चिकटवायचे, आणि एकदा चिकटवले की मरेपर्यंत तोडायचे नाहीत. आईने मात्र बजावलं होतं, पाटीवरून घोळ झाला तर परीक्षा संपेपर्यंत भाषा बंद.

ठकीने ‘लिख्टहूस’ केलं, म्हणजे उजेडाचं घर. यात मी कुठाय, असं बाबांनी विचारलं, म्हणून ‘फाट’ जोडला. आजोबा जेवेनात, म्हणून ‘ओल्डफाट’. आईला वगळणं शक्यच नव्हतं, म्हणून शेवटी ‘मूट’.

लिख्टहूसफाटओल्डफाटमूट!

मामा सुतार होता. शब्द अखंड हवा म्हटल्यावर त्याने अखंड फळी आणली. स्क्रूच्या आधी सरस लावायचा, ही त्याची जुनी शिस्त. बाहेरून पाटी पक्की बसवून तो कौतुकाने मागे सरकला, तेवढ्यात आतून आई दार ओढू लागली. तिची आज बढतीची मुलाखत होती.

दार हलेना. पाटी दारावरून थेट चौकटीवर गेली होती.

कापावी लागेल, असं मामा पुटपुटला. ठकी पाटीला पाठ लावून उभी राहिली. तोडलेला शब्द हा शब्दच नसतो, असं तिने त्याला पडेल आवाजात समजावलं.

“चौकटीवर कोण आलंय?” आईने आतून विचारलं.

“तू.”

“मग मला काप आणि मोकळी हो. बस चुकेल माझी.”

करवत चालली. ठकीने डोळे मिटून घेतले. दार उघडलं तसे उजेड, घर, बाबा आणि आजोबा सगळे अलगद आत गेले. ‘मूट’ जागच्या जागी राहिला.

आईने चपला घालता घालता पाटी पाहिली.

“म्हणजे तुम्ही सगळे दाराबरोबर झोके घेणार, आणि मी आपली चौकट धरून उभी.”

ठकी ‘मूट’ उचकटायला धावली.

“राहू दे तशीच,” ती ठकीला म्हणाली. “तुझी भाषा चालू ठेव. तिला या घरातलं बरंच कळतं.”

ती जिना उतरून गेली. बाबांनी ‘मूट’शेजारची चौकटीवरची जागा बोटांनी मोजली. मग त्यांनी मामाला हळूच विचारलं,

“इथे अजून एक मावेल का रे?”