जूनपर्यंतची कंबर

ऐका हो ऐका. बोरी गावातल्या लहानथोरांना, बाजाराला आलेल्यांना आणि एस्टीची वाट पाहत बसलेल्या तमाम पाहुण्यांना कळविण्यात येते, की बाबाराव मास्तरांची कंबर आज सकाळी पुन्हा धरली आहे. उजव्या बाजूला जरा जास्त. तरी सर्वांनी गंभीर राहावे.

ही दवंडी माझी नव्हे. ती रोज सकाळी खुद्द मास्तरच द्यायचे, आमच्या दोन अंगणांमधल्या बुटक्या भिंतीवरून. रेडिओवर परभणी केंद्राच्या बातम्या लागायच्या आधी त्यांचं कमरेचं बातमीपत्र आटोपलेलं असे. "डावीकडं मोकळं हाय. उजवीकडं कळ निघायलीय. दुपारून काय व्हतंय ते बघावं लागंल." मी तोंडात कडुनिंबाची काडी धरून मान हलवायचो. नाही हलवली, तर मास्तर पहिल्यापासून सांगायचे.

कंबर धरण्याचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. मास्तर उंच इतके, की शाळेच्या दारातून वाकून आत शिरत. मिशा अशा, की नवीन पोरं आधी मिशांनाच नमस्कार करत. शाळा दोन कोसांवर. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस, आज बंद, उद्या रास्ता रोको, एस्टीचा काही भरवसा नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं सायकल. पण त्या दिवाळीत या गृहस्थांनी आपली चांगली दांड्याची सायकल विकली आणि परभणीहून लेडीज सायकल घेऊन आले. हिरवीगार, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी बसवलेली. आणि सीट एवढी खाली, की पायडल मारताना मास्तरांचे गुडघे मिशांची चौकशी करून परत जात.

स्टँडसमोर मुंजाजीचं हॉटेल. गावाचं हसणं तिथं तळलं जाई आणि गरमागरम वाटलं जाई. मास्तर दिसले की मुंजाजी हातातला झारा कढईत सोडून बाहेर यायचा आणि पदर सावरल्यासारखं करून विचारायचा, "मावशी, शाळंला निघाल्या का?" सगळं हॉटेल हसायचं. मास्तर न उतरता उत्तर द्यायचे, "दांडा नसला की धक्का सरळ जमिनीत जातो, मुंजाजी. हे शास्त्र हाय." शास्त्र असं असूनही कंबर मात्र दिवसेंदिवस बिघडत चालली होती.

उपाय तर विचारू नका. निर्गुडीचा पाला झाला, विटेचा शेक झाला, एरंडाची पानं बांधून झाली. मास्तर चटईवर झोपू लागले, सदऱ्याच्या आतून फेटा गुंडाळू लागले. वाटेतल्या प्रत्येक मोरीवर उतरायचे, दोन्ही हात कमरेवर ठेवून मागं वाकायचे आणि आभाळाकडं पाहत उभे राहायचे. ते पाहून शेतातली माणसंही हातातलं काम टाकून वर पाहायची. एका म्हाताऱ्यानं तर विचारलंच, मास्तर, औंदा कसा हाय पाऊस?

मी एकदा त्यांना ओढून परभणीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी कंबर दाबली, मग बाहेर येऊन सायकल पाहिली आणि औषधाचं नावसुद्धा काढलं नाही. म्हणाले, सीट वर घ्या, नाहीतर ही सायकल सोडा. पुढच्या वर्षी मला काठी लिहून द्यावी लागेल. मास्तरांचा चेहरा उतरला. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "कंबर म्हंजे देवगाव फाटा हाय बघा. तिथं अडलं की इकडली गाडी इकडं आन् तिकडली तिकडं. पर आपल्याला जूनपर्यंत टिकली तरी बास."

जूनचं कारण मला माहीत होतं. कुसुमवहिनींना, म्हणजे मास्तरांच्या मंडळींना, शेजारच्या गावात बालवाडीची नेमणूक मिळाली होती. जूनच्या पहिल्या दिवशी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. ते गाव मास्तरांच्या शाळेच्या अगदी उलट दिशेला. आता धरलेल्या कमरेचा हा माणूस आधी बायकोला कॅरिअरवर बसवून तिकडं सोडणार आणि मग उलटा फिरून आपली शाळा गाठणार? हॉटेलात निकाल लागून गेला होता: वहिनींची बालवाडी मास्तरांच्या कमरेत अडकली. मलाही रात्रंदिवस तोच घोर लागला. सकाळचं बातमीपत्र मी आता खरोखर कान देऊन ऐकू लागलो.

सीट वर घ्या म्हणून मी हातापाया पडलो. एकदा तर पाना घेऊनच गेलो. मास्तर सायकलीच्या आडवे उभे राहिले. म्हणाले, सगळं करा, सीटला हात लावू नका.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. शाळा बंद, तरी मास्तर दिवसातून एकदा हॉटेलासमोरून चक्कर मारायचेच. कळा सोसत जायचे, मावशी म्हणवून घ्यायचे आणि परत यायचे. हे काही मला कळेना.

मग एका सकाळी, तांबडं फुटताना, मी टमरेल घेऊन मास्तरांच्या शेताकडं निघालो होतो. त्यांच्या खळ्यावर धूळ उडताना दिसली. बाभळीआडून पाहतो तर सायकलवर कुसुमवहिनी. पदर खोचलेला, ओठ दातांखाली, हँडल घट्ट धरलेलं. आणि मागं कॅरिअर धरून, कमरेत पार दुमडून धावणारे आमचे मास्तर. "खाली बघू नगंस. लांब बघ, लांब. म्या हाय."

मी दिसताच वहिनींनी दोन्ही पाय जमिनीला टेकवले. सीट एवढी खाली का, ते तेव्हा कळलं. ती बोटभर जरी हलली, तरी वहिनी पुन्हा बसायला तयार होत नसत.

मास्तर कंबर धरून माझ्याकडं आले. मी विचारलं, अहो, शिकवा की. पण तुम्ही स्वतः ही कशाला चालवता? दांड्याची ठेवली असती, तर कंबर तरी वाचली असती.

मास्तरांनी आधी वहिनींकडं पाहिलं, मग आवाज बारीक केला.

"लेडीज सायकल गावात आली की गाव हसनार. त्ये काय चुकत न्हाई. पर एकाच गोष्टीवर गाव किती दिस हसंल? म्हनून म्हनलं, माझ्यावरच हसून घेऊ द्या. जूनपर्यंत थकत्याल."

मी बराच वेळ टमरेल धरून तसाच उभा राहिलो. शेवटी मास्तरांनीच आठवण करून दिली, की मी कशासाठी आलो होतो.

जूनच्या त्या सकाळी बातमीपत्र झालंच नाही. मास्तर भिंतीला दोन्ही हातांनी धरून उभे होते. कंबर पुरती धरली होती, पाऊल उचलत नव्हतं. वहिनी हँडलला डबा अडकवून निघायच्या तयारीत. मास्तर मला म्हणाले, "तुमी म्होरं जाऊन हॉटेलात बसा. कुनी हसलं तर मला सांगू नका."

मी जाऊन बसलो. चहा आला, त्यावर साय धरली. तेवढ्यात घंटी वाजली. वहिनी स्टँडसमोरून आल्या. नजर लांब, पाठ ताठ. हॉटेलातल्या सगळ्या माना वळल्या. मुंजाजी सवयीनं झारा सोडून बाहेर आला, पदर सावरायला हातही वर नेला आणि तो तसाच राहिला. हिरवी सायकल रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत तो पाहत होता. मग माझ्याकडं वळून, खरोखर काळजीनं म्हणाला,

"आवो, ती तर मास्तरची सायकल हाय. तिच्यावर बाई कशी काय बसली?"