मीटिंग रूममध्ये कोणीतरी आहे

"आज ऑफिस पुन्हा सुरू करून दाखवलं नाही, तर बापाचं नाव लावणार नाही," हजररावांनी बूट घालता घालता बायकोला सांगितलं. बूट माळ्यावरून काढलेले. उजव्या बुटात एका कोळ्याने ऐसपैस संसार थाटला होता, त्यामुळे प्रतिज्ञेच्या शेवटी त्यांना एका पायावर बऱ्याच उड्या माराव्या लागल्या.

"जपून जा," बायको म्हणाली. "आणि येताना कपडे धुवायची पावडर आणा."

हजरराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीत ते पाण्याने झालेल्या नुकसानीचे दावे तपासत. कुणाची टाकी फुटली, कुणाचं गोदाम भिजलं, अशी ओली प्रकरणं. सगळे घरून काम करू लागल्यापासून रोज सकाळी मीटिंग भरे, साहेब हजेरी घेत, हे "हजर" म्हणत, आणि मीटिंग संपेपर्यंत पुढचा शब्द म्हणून काढत नसत. तेच नाव पडलं. पण बिचारे बोलणार तरी कुठून? घरातली एक खोली बायकोची, ती तिथून मुलांना गणित शिकवायची. हॉल आईचा आणि टीव्हीचा. उरला बाथरूमबाहेरचा बोळ. तिथे वॉशिंग मशीनला खेटून घडीचं टेबल मांडून हजरराव नोकरी करत. मशीन कपडे पिळायला लागलं की टेबल, लॅपटॉप आणि हजरराव असे तिघेही थरथरत. अशा जागेत माइक उघडायचा नाही आणि कॅमेरा तर त्याहून नाही.

थरथरण्याचं त्यांना एवढं दुःख नव्हतं. दुःख आईच्या बोलण्याचं होतं. "घरीच आहेस ना, मग जरा नळ बघ." "घरीच आहेस ना, मग मावशीला फोन लाव." हीच आई पूर्वी शेजाऱ्यापाजाऱ्यांना दटावून सांगायची, "आत्ता नाही हं, तो कामात असतो." ते वाक्य पुन्हा कानावर पडावं म्हणून हजररावांचा जीव तुटत होता. आपल्याला कामात आहे असं म्हणवून घ्यायचं तर घराबाहेर एक खुर्ची हवी, एवढंच त्यांचं मागणं.

आणि तीच खुर्ची आता जायची होती. ऑफिसच्या मजल्याचा करार संपत आला होता. "कोणी येणारच नसेल तर मजला सोडून देऊ," साहेब म्हणाले होते. "सोमवारच्या मीटिंगमध्ये काय ते ठरवून टाकू." यावर आगीचे दावे बघणारा, ज्याला सगळे आगवाला म्हणत, तो आनंदाने खुर्चीतून उठला आणि त्याने खाली चड्डीच घातली आहे हे सर्वांना कळलं. चोरीचे दावे बघणाऱ्या बाईंनी तर टाळ्या वाजवल्या.

हजररावांनी मनाशी बेत केला. सोमवारी कोणाला न सांगता ऑफिसात जायचं. आपल्या जुन्या टेबलावर बसून नेहमीसारखं हजर म्हणायचं, आणि मुद्दा निघाला की फाडकन कॅमेरा लावून सांगायचं: बघा, मी ऑफिसातून बोलतोय! जागा झकास आहे, काम होतंय, या परत. बेत कागदावर उत्तम होता. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असंच सुरू होतं.

खाली वॉचमनने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "वर जाताय? वर कोणी नसतं, साहेब."

"माहीत आहे. म्हणूनच जातोय."

"जा की." त्याने किल्ली दिली आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. "गप्पा मात्र रोज चालतात वर. सकाळच्या."

"कोणाच्या?"

"ते काय मी बघायला नाही गेलो बुवा," वॉचमन म्हणाला.

लिफ्टमध्ये हजरराव हसले. मग हसू लिफ्टच्या आरशात दिसलं आणि ते त्यांना तितकंसं आवडलं नाही.

मजल्याचं दार उघडलं तेव्हा आत काळोख होता. एक पाऊल टाकलं आणि डोक्यावरचा दिवा आपणहून लागला. दुसरं टाकलं, दुसरा लागला. माणसाची चाहूल लागली की पेटणारे आणि चाहूल थांबली की विझणारे हे दिवे विजेची बचत म्हणून बसवले होते, हे हजररावांना पक्कं ठाऊक होतं. तरीसुद्धा चालताना मागचे दिवे एकेक करून विझत येतात, तेव्हा मागे वळून बघावंसं वाटत नाही. टेबलांवर धूळ. कोणाच्या तरी खुर्चीवर स्वेटर तसाच टांगलेला, बाह्या पुढे लोंबत असलेला. आगवाल्याच्या टेबलावरच्या कपात, जे पूर्वी चहा असावं, त्याला आता लव फुटली होती.

थंडी तर अशी की दात वाजावेत. एसी सबंध इमारतीचा एकच, त्याला बंद करायचं बटण त्या मजल्यावर नव्हतंच. हजररावांनी अंगावर घ्यायला काही मिळतंय का म्हणून कपाट उघडलं, तर आत एक कापडी बॅनर घडी करून ठेवलेला. मागे एकदा सगळ्यांना परत बोलवायचं ठरलं होतं, तेव्हा साहेबांनी हौसेने करून घेतला होता: 'या! आम्ही तुमची वाट पाहत आहोत.' ते परत बोलावणं रद्द झालं आणि बॅनर कपाटात गेला. हजररावांनी तो शालीसारखा लपेटून घेतला आणि लॅपटॉप उघडला. हेडफोनचा एक कान मेलेला होता, तेव्हा चालू होता तो उजव्या कानात घातला आणि डावा कान मोकळा ठेवला.

मीटिंग सुरू झाली. साहेबांनी हजेरी घेतली. आगवाला, बाई, मग त्यांचं नाव.

"हजर," हजरराव म्हणाले.

"हजर," मागून कोणीतरी म्हणालं.

हजररावांची मान जागच्या जागी ताठ झाली. आवाज त्यांच्या मोकळ्या कानात आला होता. मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्या, दार लावलेल्या मीटिंग रूममधून. आणि आवाज कोणाचा होता हे ओळखायला फार डोकं लागत नव्हतं. तो त्यांचाच होता.

भास असेल. रिकाम्या जागेत आवाज घुमतो. त्यांनी घसा खाकरला. जरा वेळाने मीटिंग रूमने घसा खाकरला.

"कोण आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोण आहे?" आतून तितक्याच हळू विचारणा झाली.

"मीच आहे, साहेब आहे," इकडे हेडफोनमध्ये साहेब म्हणाले. "काय झालं, हजरराव?"

"काही नाही," असं म्हणून हजररावांनी घाईघाईने माइक बंद केला. मागच्या खोलीनेही "काही नाही" म्हणून घेतलं. पाचावर धारण बसणे म्हणजे काय, हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट कळलं.

वाचकहो, तुम्हाला आणि मला यातली गोम सांगायला हरकत नाही. मीटिंग रूममधल्या मोठ्या स्क्रीनचं आणि स्पीकरचं नाव साहेबांनी पूर्वीच रोजच्या बोलावण्यात घालून ठेवलं होतं, ते काढायचं कोणाला सुचलं नाही. त्यामुळे सगळे घरी बसले तरी ती खोली रोज सकाळी इमानेइतबारे मीटिंगला लागत होती, आणि सगळ्यांचं बोलणं तिथल्या स्पीकरवर वाजत होतं; बाकीच्यांचं हेडफोनमध्येही येत असल्याने हजररावांना फक्त आपलंच वेगळं ऐकू आलं. इतरांच्या स्क्रीनवर तिचा एक काळा चौकोन दिसे, त्याची सर्वांना सवय झाली होती. पण हजररावांना त्या क्षणी हे कोण सांगणार? त्यांच्यासमोर दोनच वाटा होत्या. पळून जायचं, म्हणजे खुर्ची कायमची गेली. नाहीतर आत काय आहे ते बघून यायचं. पळून गेलो तर उद्या पुन्हा मशीनशेजारी, या विचाराने त्यांना बळ दिलं. बॅनर घट्ट धरून ते निघाले. दिवे पुढे लागत गेले, मागे विझत गेले.

दार ढकललं. आतला दिवा लागला नाही, तो बहुधा गेला होता. काळोखात आवाज मात्र होते. साहेब बोलत होते, बाई हसत होत्या. एक पाऊल आत टाकलं आणि हसणं थांबलं.

"साहेब," काळोखात बाईंचा आवाज म्हणाला, "मीटिंग रूममध्ये कोणीतरी आहे."

हजररावांनी दचकून मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. ते जास्तच वाईट.

कर्र असा आवाज झाला आणि समोर भिंतीवर काहीतरी मान वळवून त्यांच्याकडे बघू लागलं. कॅमेरा होता तो, माणूस हलेल तिकडे वळणारा. ते डावीकडे सरकले, तो डावीकडे वळला. ते उजवीकडे गेले, तो आला मागोमाग. तेवढ्यात हालचालीने मोठा स्क्रीन जागा झाला आणि त्यावर साहेब, बाई, आगवाला, सगळे भिंतीएवढे मोठे होऊन, डोळे फाडून त्यांच्याकडे बघताना दिसले. कोपऱ्यात आणखी एक चौकोन होता. त्यात निळसर उजेडात चकाकणारं एक टक्कल, त्याखाली भेदरलेले डोळे, आणि गळ्यापासून खाली पांढरं कापड. घडीत बॅनरचा बाकी मजकूर गेला होता. छातीवर एवढंच दिसत होतं: 'वाट पाहत आहोत'.

"अहो, मी आहे, मी!" हजरराव ओरडले.

स्क्रीनवरच्या लोकांना फक्त तोंड उघडलेलं आणि मिटलेलं दिसलं. खोलीचा माइक बंद होता.

"तुम्ही म्यूटवर आहात," आगवाला सवयीने म्हणाला. मग आपण हे कोणाला सांगितलं ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचा चौकोन नाहीसा झाला.

त्यामागून बाई गेल्या. हजररावांनी थांबा, थांबा म्हणून दोन्ही हात वर केले, तसा बॅनर पंखासारखा पसरला आणि उरलेले गेले. साहेब सगळ्यांत शेवटी, आणि तेही खुर्चीसकट मागे पडल्यामुळे. काळ्या स्क्रीनवर दोनच चौकोन राहिले. एकात बॅनर पांघरलेले हजरराव. दुसऱ्यात, बाहेर टेबलावर उघड्या राहिलेल्या लॅपटॉपमुळे, त्यांचा फोटो. कॅमेरा बंद असला की दिसणारा, लग्नाच्या वेळचा, भरघोस केसांचा, गालातल्या गालात हसणारा. केस गेले ते घरून काम सुरू झाल्यानंतर, बंद कॅमेऱ्यामागे. तो माणूस त्यांच्याकडे बघत होता, आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत सर्वांत जास्त भीती हजररावांना त्याचीच वाटली. ते किती वेळ तसे उभे राहिले कोण जाणे. बाहेरचे दिवे विझल्यावर मात्र त्यांनी लॅपटॉप काखेत मारला आणि जिना धरला.

"झाल्या का गप्पा?" खाली वॉचमनने विचारलं. हजरराव किल्ली त्याच्या हातात टेकवून चालू लागले.

घरी पोचेपर्यंत ग्रुपवर साहेबांचा निरोप आला होता. मजला सोडण्याचा निर्णय एकमताने झाला आहे. सामानही तिथेच राहू द्यावं, कोणी आणायला जाऊ नये.

हजररावांचे हात थरथरले, आणि मशीन बंद होतं. त्यांनी लिहिलं, "साहेब, तो मी होतो. मी आज ऑफिसात गेलो होतो."

"हजरराव, तुमचा चांगुलपणा कळतो," साहेबांनी लिहिलं. "ऑफिस वाचावं म्हणून भूत अंगावर घेऊ नका. तुम्ही तर मीटिंगमध्ये होतात. तुमचा चौकोन मी पाहिलाय."

"मी त्याला अगदी नीट पाहिलंय," बाईंनी भर घातली. "त्याला एक केस नव्हता. तुमचे किती छान आहेत."

रात्रभर हजरराव तळमळले. खुर्ची गेल्याचं दुःख होतंच, पण इतकी वर्षं एका छताखाली काढलेल्या माणसांनी आपल्याला समोरासमोर पाहून ओळखलं नाही, हे आत कुठेतरी लागलं होतं. सकाळी बायको म्हणाली, "मग दाखवा ना तोंड. कॅमेरा कशाला असतो?" साधी गोष्ट. त्यांना पटली. मजला वाचवायला अजून वेळ होता, तोंड दाखवलं की सगळं उघड झालं असतं.

मीटिंग सुरू झाली. हजेरीत नाव आल्यावर हजररावांनी माइक उघडला, एक श्वास घेतला आणि कॅमेरा लावला. नेमकं त्याच वेळी शेजारचं मशीन कपडे पिळू लागलं. बोळातला दिवा लुकलुकायला लागला. टेबल थरथरलं, टक्कल थरथरलं, आणि "ओळखलंत का मला?" हे त्यांचं वाक्य असं कापत कापत बाहेर पडलं की त्यांचं त्यांनाच कसंसं झालं.

चौकोन पटापट विझले. या वेळी आगवाला पहिला नव्हता, बाई होत्या.

मिनिटभरात फोन वाजला. साहेब होते, कुजबुजत बोलत होते. "हजरराव, तुम्ही कुठे आहात? घरात असाल तर आधी बाहेर पडा. तो तुमच्याकडे पोचलाय."

"साहेब, तो मीच आहे हो."

मग साहेब अगदी मायेने म्हणाले, "असं तो तुमच्या तोंडून वदवतोय का?"

हजररावांनी सगळं सांगितलं. बूट, बॅनर, स्पीकर, केस कधी आणि कसे गेले ते, सगळं. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी त्यांनी एक सुस्कारा सोडला. "बरं. कालचे दावे तपासून आलेत, ते कोणी तपासले?"

"मीच. रात्री झोप येईना म्हणून."

"काम चोख आहे," साहेब म्हणाले. "मग त्याला म्हणावं, राहू दे. आमची काही तक्रार नाही. फक्त तेवढा कॅमेरा बंद ठेवायला सांगा."

हजररावांनी कॅमेरा बंद केला. भरघोस केसांचा तरुण पुन्हा पडद्यावर आला, आणि एकेक करून माणसं परतली. "सुखरूप आहात ना?" बाईंनी घाबऱ्या घाबऱ्या विचारलं. "घरची मंडळी बरी आहेत ना?" आगवाल्याने विचारलं. इतक्या वर्षांत त्यांची कोणी अशी चौकशी केली नव्हती. सगळे त्या फोटोकडे बघून हुश्श करत होते, आणि हजररावांनाही, कोणाला सांगू नका, तो परत आलेला बघून जरा हायसं वाटलं.